हिशोब टेम्प्लेटमध्ये का नको: बिलिंग सॉफ्टवेअरच्या अनुभवातून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पीएचपी या वेबच्या भाषेतलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्या गळ्यात आलंय, त्यात क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणं), हिशोब, एचटीएमएल (पानाची मांडणी) सगळं एकाच फाइलमध्ये आहे, सिनियर म्हणतात टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पान दाखवायच्या साच्यात, साधा इफ ('असं असेल तर' ही अट) पण दिसता कामा नये, आणि दुसरीकडे रिअ‍ॅक्टवाले, म्हणजे ब्राउझरमधली पानं बनवायची ती लायब्ररी वापरणारे, एचटीएमएल नि जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) एकाच फाइलीत लिहितात आणि त्यालाच चांगलं डिझाइन म्हणतात, मग वेगळं करायचं म्हणजे नक्की काय आणि रेघ कुठे मारायची. गेली वीसेक वर्षं मी बिलिंग आणि स्टॉकचीच वेब सॉफ्टवेअर लिहितोय, त्यामुळे याच क्षेत्रातली उदाहरणं घेऊन सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

आधी उत्तर सांगून टाकतो. ती रेघ ठरवणं आणि दाखवणं या दोघांच्या मधे असते. फाइली किती आणि भाषा कोणत्या हे त्यानंतरचं. गिऱ्हाइकाला टॅक्स किती लागला, बिल थकीत झालं का, हे बिल रद्द करायचा हक्क या माणसाला आहे का, हे सगळं ठरवणं. रक्कम उजवीकडे सरकवून लिहायची, थकीत बिल लाल दाखवायचं, पाचच ओळी दाखवून खाली 'आणखी' लिहायचं, हे दाखवणं. आणि एखादी ओळ नक्की कुठली हे कळत नसेल तर मी स्वतःला एकच विचारतो, उद्या हीच माहिती एसएमएसने पाठवायची झाली तर ही ओळ मला परत लिहावी लागेल का? लागणार असेल तर ती टेम्प्लेटमध्ये नको. एसएमएसला लाल रंग नसतो त्यामुळे रंग टेम्प्लेटमध्येच राहू दे, पण बिल थकीत आहे की नाही हे एसएमएसलाही लागतंच.

हे मला कुठल्या पुस्तकातून पटलं नाही, एका कामातून पटलं. कोल्हापूर भागातल्या एका होलसेल डीलरचं काम आमच्याकडे आलं होतं, टाइल्स, सिमेंट, नळ, पाइप असा सगळा बांधकामाचा माल. सॉफ्टवेअर आधी कुणीतरी केलेलं, प्रत्येक पानाची एक पीएचपी फाइल, वरपासून खालपर्यंत एचटीएमएल आणि मधेमधे क्वेरी, व्हाइल लूपमध्ये, म्हणजे परत परत चालणाऱ्या कोडमध्ये, टेबलच्या ओळी एको होतायत, म्हणजे छापल्या जातायत, आणि त्याच लूपमध्ये टॅक्सची बेरीजही चाललीय. चालत होतं बरं का, तीन-चार वर्षं विनातक्रार चाललं, म्हणूनच अशा कोडला हात लावायला मालक तयार नसतो आणि त्याचंही काही चुकत नाही.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट या तेव्हाच्या विक्रीवरच्या कराचा साडेबारा टक्क्यांचा दर साडेतेरा झाला. आम्ही म्हटलं अर्ध्या तासाचं काम, शोधा आणि बदला. पण साडेबारा टक्के हे सात ठिकाणी सात तऱ्हांनी लिहिलेलं निघालं. बिलाच्या स्क्रीनवर एकदा, प्रिंटच्या फाइलमध्ये एकदा, पीडीएफमध्ये, कोटेशनमध्ये, महिन्याच्या रजिस्टरमध्ये, ईमेलमध्ये आणि क्रेडिट नोटमध्ये. कुठे १२.५ होतं, कुठे ०.१२५, कुठे एकदम १.१२५ ने गुणलेलं, आणि कोटेशनच्या फाइलमध्ये तर रकमेला चक्क ८ ने भागलं होतं, कारण साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा! लिहिणाऱ्याने गणित बरोबरच केलं होतं, पण शोधा-बदलाला ते सापडणार कसं. पंधरा दिवस कोटेशन एका दराने आणि बिल दुसऱ्या दराने जात होतं.

आणि खरा धक्का पुढे होता. ऑगस्टचं एक जुनं बिल परत प्रिंट केलं तर त्यावर साडेतेरा टक्के आले, कारण टॅक्स कुठे साठवलेलाच नव्हता, टेम्प्लेट दर वेळी छापताना तो नव्याने काढायचं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातातलं बिल वेगळं आणि दुकानातली त्याच नंबरची कॉपी वेगळी. त्या दिवशी डीलरच्या अकाउंटंटचा चेहरा मी पाहिलाय. छापील कागदाने पैशाचा निर्णय घ्यायचा नसतो, झालेला निर्णय फक्त दाखवायचा असतो, हे मला तिथे कळलं.

नऊ-दहा महिन्यांतच १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता नुसता दर बदलला नव्हता, बिलाचा आकारच बदलला. माल राज्यातल्या राज्यात गेला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) अशा दोन ओळी निम्म्या निम्म्या, राज्याबाहेर गेला तर आयजीएसटीची एकच ओळ, आणि कोल्हापूरच्या डीलरचा माल बेळगावला आणि गोव्याला रोज जातो. आमच्यातल्या एकाने पहिल्या झटक्यात काय केलं, तर सातही टेम्प्लेटमध्ये 'राज्य महाराष्ट्र असेल तर' असा इफ टाकायला घेतला. मी थांबवलं त्याला. म्हटलं सात ठिकाणी चौदा फांद्या होतील आणि मग नोव्हेंबरात कुणी काही बदललं की आपण मेलो. (नोव्हेंबर मी सहज म्हणालो होतो, पण १५ नोव्हेंबर २०१७ ला खरंच टाइल्स २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या.)

मग पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही जे केलं तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलं, ज्याला एचटीएमएल म्हणजे काय हेच माहीत नाही. त्याला बिलातल्या वस्तू, विकणाऱ्याचं राज्य, माल जिथे जाणार ते राज्य आणि बिलाची तारीख द्यायची, ते परत देणार करपात्र रक्कम, टॅक्सच्या ओळींची एक यादी आणि एकूण. यादीतल्या प्रत्येक ओळीत टॅक्सचं नाव, टक्के आणि रक्कम. दर कोडमध्ये नाहीच, ते एका टेबलमध्ये, एचएसएन कोड (मालाचा वर्ग सांगणारा नंबर), दर आणि कुठल्या तारखेपासून लागू. आणि बिल सेव्ह होतानाच या ओळी बिलासोबत साठवायच्या, छापताना नव्याने काढायच्या नाहीत.

आता टेम्प्लेटकडे बघा. त्यात महाराष्ट्र नाही, आयजीएसटी नाही, टक्के नाहीत, फक्त एक लूप आहे, टॅक्सच्या ओळी जेवढ्या असतील तेवढ्या छाप. दोन आल्या तर दोन, एक आली तर एक. तुमच्या सिनियरना बहुतेक हेच म्हणायचं असावं. इफ वाईट नसतो. पण टेम्प्लेटमधला एखादा इफ जेव्हा धंद्याचा नियम विचारत असतो तेव्हा तो चुकीच्या ठिकाणी आहे, आणि तो योग्य जागी हलवला की बऱ्याचदा टेम्प्लेटमध्ये त्याच्या जागी साधा लूप किंवा साधं हो-नाही उरतं. 'यादी रिकामी असेल तर बिलं नाहीत असं लिही' हा इफ टेम्प्लेटमध्ये खुशाल ठेवा, तो दाखवण्याचाच प्रश्न आहे, त्याला हाकलून देण्यासाठी जे लोक दोन-दोन टेम्प्लेट बनवतात त्यांचं मला पटत नाही.

नोव्हेंबर २०१७ चा बदल आम्ही टेबलात नव्या ओळी घालून केला. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंट २८ वरून १८ वर आलं तेव्हाही तेच, लागू तारखेसकट ओळ आधीच भरून ठेवली होती, त्या रात्री कुणी जागलं नाही आणि एकाही टेम्प्लेटला हात लागला नाही. जुनी बिलं आजही छापली तर २८ टक्केच दाखवतात, जे बरोबर आहे.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट खास सांगायची आहे कारण तिथे नव्वद टक्के गोंधळ होतो असं मला वाटतं, आणि ती म्हणजे राउंडिंग आणि फॉरमॅटिंग. दोन्ही दिसायला सारखं, पण राउंडिंग हा निर्णय आहे आणि फॉरमॅटिंग हे दाखवणं. १०० रुपये ५ पैशांवर १८ टक्के म्हणजे १८.००९, राउंड केलं की १८ रुपये १ पैसा. पण तेच ९ आणि ९ वेगवेगळं काढलंत तर ९.००४५ चे ९.०० होतात आणि दोन्ही मिळून १८.०० च. एक पैशाचा फरक. स्क्रीनच्या टेम्प्लेटने एका पद्धतीने राउंड केलं आणि पीडीएफच्या टेम्प्लेटने दुसऱ्या, की महिनाअखेरीस रजिस्टर जुळत नाही आणि तुम्ही रात्री अकरा वाजता पैसे शोधत बसता. म्हणून राउंडिंग त्या एका फंक्शनमध्येच, आणि पैसे शक्यतो पूर्णांकात, म्हणजे पैशातच मोजायचे, कारण जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं तर ०.३ येत नाही, मागे ४ चं शेपूट येतं.

फॉरमॅटिंग मात्र शेवटच्या क्षणी, टेम्प्लेटमध्ये. उलटं केलं तर काय होतं सांगतो. पीएचपीचं नंबर-फॉरमॅट हे फंक्शन स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर नुसती अक्षरं, परत देतं, स्वल्पविरामासकट. कुणीतरी शहाणपणा करून डेटाबेसमधून आणतानाच रक्कम फॉरमॅट केली, म्हणजे टेम्प्लेटमध्ये करायला नको, आणि पुढे दुसऱ्या कुणी त्याच रकमेची बेरीज केली. '१,२५०.५०' ला पीएचपीमध्ये आकडा बनवलं तर उत्तर १ येतं, स्वल्पविरामाशी ते थांबतं, आणि एररही देत नाही. साडेबाराशेचा एक रुपया. शिवाय ते फंक्शन हजार-हजारचेच गट पाडतं, लाखाचा स्वल्पविराम त्याला येत नाही, म्हणून आपल्याकडे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कुणाचं तरी हाताने लिहिलेलं लाखाचं फंक्शन सापडतं, आणि एकाच प्रोजेक्टमध्ये तीन सापडतात कारण प्रत्येक टेम्प्लेटवाल्याने आपलं आपलं लिहिलं.

यातून एक उपमुद्दा निघतो. दाखवण्याच्या बाजूलाही कोड असतो आणि तोही नीट, एका जागी, टेस्टसकट (आपोआप तपासणाऱ्या कोडसकट) लिहावा लागतो. बिलाच्या तळाशी 'रुपये एक लाख पंचवीस हजार फक्त' असं लिहायचं असतं ना, ते धंद्याच्या नियमात येत नाही, ते दाखवणंच आहे, पण मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे, पूर्ण टेबल द्यावं लागतं, आणि एकोणऐंशी नि एकोणनव्वद यांची अदलाबदल झालेली मी छापील बिलावर पाहिलीय. अशा गोष्टी टेम्प्लेटच्या पोटात लिहू नका, हेल्परमध्ये, म्हणजे वेगळ्या मदतनीस फंक्शनमध्ये, काढा आणि नव्याण्णवच्या नव्याण्णव तपासा.

तारखेचंही अगदी तसंच आहे. तारीख कशी लिहायची हे दाखवणं, पण आज तारीख काय आहे हे ठरवणं. आमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, होता. १ जुलै लागताना भारतात रात्रीचे बारा वाजले तेव्हा सर्व्हरच्या मते ३० जूनचे संध्याकाळचे साडेसहा झाले होते, म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत झालेली सगळी बिलं जुन्या कायद्याने निघाली असती. आदल्या दिवशी लक्षात आलं म्हणून वाचलो. टेम्प्लेटमध्ये साडेपाच तास मिळवून तारीख बरोबर दाखवली जात होती, त्यामुळे स्क्रीनवर बघून कुणालाच शंका आली नसती.

आता उलट्या दिशेची गळती, जिच्याबद्दल लोक कमी बोलतात. आपण म्हणतो टेम्प्लेटमध्ये लॉजिक नको, पण लॉजिकमध्येही दाखवणं नको. आमच्याच दुसऱ्या एका कामात थकबाकी काढणारं फंक्शन थेट सीएसएसच्या (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेच्या) क्लासचं नाव परत द्यायचं, लाल लेबलचं. बूटस्ट्रॅप या तयार डिझाइनच्या संचाच्या आवृत्ती दोनमध्ये तो क्लास लेबल-इम्पॉर्टंट होता, तीनमध्ये लेबल-डेंजर झाला, चारमध्ये बॅज-डेंजर, पाचमध्ये बीजी-डेंजर. म्हणजे नुसतं नवं डिझाइन आलं तरी थकबाकीच्या हिशोबाची फाइल उघडायला लागायची, आणि ती उघडली की काहीतरी तुटायचं. फंक्शनने 'थकीत' एवढंच सांगावं, त्याला कुठला रंग द्यायचा हे टेम्प्लेटने बघावं. टेरेन्स पार या संगणकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये टेम्प्लेट इंजिनांवर (साच्यात माहिती भरून पान काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर) एक पेपर लिहिला होता, त्यात टेम्प्लेटने काय करू नये याची यादी होतीच, म्हणजे डेटा बदलू नये, त्यावर गणित करू नये, तुलना करू नये, पण मॉडेलकडून, म्हणजे हिशोबाच्या बाजूकडून, आलेल्या डेटामध्ये लेआउटची माहिती असू नये हाही नियम त्यात होता. त्यांची तुलना-बंदी मला रोजच्या कामाला फार कडक वाटते, हा शेवटचा नियम मात्र मी अक्षरशः पाळतो.

वाक्यांचंही तेच. फंक्शनने तयार मराठी किंवा इंग्रजी वाक्य परत देऊ नये, खूण आणि आकडा द्यावा. '१ बिल बाकी आहे' आणि '५ बिलं बाकी आहेत' यात क्रियापदसुद्धा बदलतं, इंग्रजीत वेगळं बदलतं, आणि उद्या डीलरने बेळगावच्या गिऱ्हाइकासाठी कन्नड मागितलं तर हिशोबाच्या फाइलीत कन्नड घालत बसणार का?

एस्केपिंग, म्हणजे कुणी नावात एचटीएमएल घुसवलं तरी ते नुसती अक्षरं म्हणून दिसावं यासाठीचा बंदोबस्त, हाही दाखवण्याचा भाग आहे आणि तो छापतानाच करायचा. बरेच जण तो डेटाबेसमध्ये साठवतानाच करून टाकतात, सुरक्षित वाटतं म्हणून. मग दुकानाच्या नावात & ही खूण असेल तर डेटाबेसमध्ये त्याच्या मागे 'एएमपी' अशी इंग्रजी अक्षरं आणि अर्धविराम चिकटून बसतो, स्क्रीनवर ठीक दिसतं, पण एसएमएसमध्ये, एक्सेलमध्ये, छापील लेबलवर तो कचरा तसाच उमटतो, आणि दोनदा सेव्ह झालं की दुप्पट उमटतो. डेटाबेसमध्ये माणसाने जे टाइप केलं तेच राहू द्या. आजची टेम्प्लेट इंजिनं हे काम आपोआप करतात, फ्रेमवर्कांपैकी (वेब सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्यांपैकी) जँगोने १.० पासून, म्हणजे २००८ पासून, रेल्सने तीनपासून, लॅराव्हेलच्या ब्लेड या इंजिनमध्ये दुहेरी महिरपी कंस वापरलात की झालं. तुमच्या जुन्या पीएचपीत इंजिनच नसेल तर वेगळं टेम्प्लेट इंजिन आणायचं हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे, हिशोब वेगळा करणं तर साध्या पीएचपीतही जमतं.

सुरक्षेवरून आणखी एक, आणि हे मनापासून सांगतो कारण यात नुकसान मोठं होतं. 'रद्द करा' हे बटण फक्त मॅनेजरलाच दाखवायचं म्हणून टेम्प्लेटमध्ये इफ घातला, आणि तेवढ्यावरच थांबले. बटण दिसत नाही, पण त्याच्या मागचा यूआरएल उघडाच आहे, काउंटरवरच्या मुलाने मॅनेजरच्या स्क्रीनवरून तो बघून ठेवला की संपलं. लपवणं ही सोय आहे, परवानगी नाकारणं हा निर्णय आहे, आणि निर्णय आतल्या फंक्शनमध्ये व्हायला हवा, बटण दिसो वा न दिसो. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत तुटकी परवानगी-तपासणी पहिल्या नंबरवर आहे ते उगाच नाही. टेम्प्लेटने त्याच फंक्शनला विचारावं, 'या माणसाला हे चालेल का', आणि उत्तर हो असेल तरच बटण काढावं. म्हणजे नियम एकच, वापर दोन ठिकाणी.

आता रिअ‍ॅक्टचं. २०१३ मध्ये फेसबुकने ते खुलं केलं तेव्हा जेएसएक्स, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएल लिहायची पद्धत, बघून आमच्यासारख्या लोकांना धक्काच बसला होता, इतकी वर्षं जे वेगळं केलं ते परत एकत्र का करताय म्हणून. नंतर वापरल्यावर कळलं की त्यांनी एकत्र केलंय ते दाखवण्याचं एचटीएमएल आणि दाखवण्याचंच जावास्क्रिप्ट. ड्रॉपडाउन उघडा आहे की बंद, कुठला टॅब निवडलाय, टाइप करताना यादी कशी गाळायची, हे सगळं दाखवणंच आहे, ते एका कंपोनंटमध्ये, म्हणजे पानाच्या एका तुकड्याच्या कोडमध्ये, एकत्र असलं तर वाचायला सोपंच जातं. जुन्या पद्धतीत जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची फाइल एकीकडे आणि टेम्प्लेट दुसरीकडे असायचं, आणि टेम्प्लेटमध्ये एक आयडी (खुणेचं नाव) बदलला की तिकडचं गुपचूप बंद पडायचं. फाइली दोन होत्या, पण वेगळेपणा कसला, एकीला हात लावला की दुसरी मोडायची.

पण रिअ‍ॅक्टमध्येही चूक तीच होते, फक्त कपडे नवे. कंपोनंटच्या आत जीएसटी काढणं. बिल भरताना वस्तू टाकली की एकूण लगेच दिसायला हवं, हे काउंटरवर खरंच गरजेचं असतं, म्हणून कुणीतरी ब्राउझरमध्ये टॅक्सचं गणित लिहितो, मग तेच सर्व्हरवरही असतं, आणि दोन महिन्यांनी दोघांची उत्तरं वेगळी येतात. आणि काही ठिकाणी तर ब्राउझरने पाठवलेलं एकूणच सर्व्हर तसंच साठवतो, म्हणजे ब्राउझरची टूल्स उघडणाऱ्या कुणालाही स्वतःचं बिल स्वतः ठरवता येतं. मी काय करतो, तर वस्तू बदलली की सर्व्हरला एक छोटी विनंती, तिथलं तेच एक फंक्शन चालतं, उत्तर परत येतं, दुकानातल्या नेटवरही एवढ्याने काही अडत नाही. नेट नसतानाही चालायलाच हवं असेल तर ब्राउझरमध्ये गणित ठेवा, पण कंपोनंटपासून वेगळ्या फाइलमध्ये, आणि ते फक्त अंदाज म्हणून, खरा आकडा सर्व्हरचा.

हे वेगळं केल्याचा पैशातला फायदा कधी कळतो, तर मालक म्हणतो आता मोबाइल अ‍ॅप पाहिजे. तेव्हा टेम्प्लेटमधलं एकही अक्षर अ‍ॅपला उपयोगी नसतं. ज्यांचे नियम टेम्प्लेटमध्ये अडकलेले असतात ते सगळं परत लिहितात, अँड्रॉइडमध्ये एकदा, आयफोनसाठी एकदा. मी बघितलेलं उदाहरण, वेबच्या टेम्प्लेटमध्ये थकीत म्हणजे मुदत संपलेलं बिल, एसएमएस पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी गिऱ्हाइकाच्या विनंतीवरून सात दिवसांची सूट घातलेली, आणि अ‍ॅपमध्ये मुदतीचा दिवस धरूनच मोजलेलं. एकच बिल, एकच दिवस, तिघांची तीन उत्तरं, आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतंय की मी थकलोय की नाही ते एकदा नक्की सांगा.

एमव्हीसीबद्दल, म्हणजे मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर असे कोडचे तीन भाग करण्याबद्दल, तुम्ही विचारलं होतं, फ्रेमवर्क वापरलं की हे आपोआप होतं का. नाही होत. एमव्हीसी ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या भाषेसाठी मांडलं, तेव्हा वेब नव्हतंच, पुढे जावावाल्यांनी आणि मग रेल्स, जँगो, लॅराव्हेलने ते वेबला बसवून घेतलं. फ्रेमवर्क तुम्हाला तीन फोल्डर देतं, त्यात काय टाकायचं ते तुम्हीच ठरवता. मी अशी लॅराव्हेलची कामं पाहिलीत की टेम्प्लेट अगदी स्वच्छ आणि सगळा हिशोब कंट्रोलरमध्ये, आठशे ओळींचं एक फंक्शन, रिक्वेस्टमधून इनपुट वाचतंय, टॅक्स काढतंय, ईमेल पाठवतंय. हे आधीपेक्षा थोडंच बरं. कंट्रोलर हा पण वेबचाच माणूस आहे, कमांड लाइनवरून रात्रीचं काम चालवायचं असेल तर तो उपयोगाला येत नाही. त्याने विनंती घ्यायची, आतल्या फंक्शनला द्यायची, उत्तर टेम्प्लेटला द्यायचं, दहा-पंधरा ओळीत संपलं पाहिजे.

अजून एक छुपी गोष्ट, टेम्प्लेटच्या लूपमध्ये बिलाच्या गिऱ्हाइकाचं नाव छापलं, दिसायला निरुपद्रवी ओळ, पण मागे ओआरएम (आपल्या वतीने क्वेरी लिहिणारा कोड) प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी मारतो, पन्नास बिलांना एक्कावन्न क्वेरी. टेम्प्लेट डेटाबेसशी बोलतंय हे डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून टेम्प्लेटला शक्यतो साधा, तयार डेटा द्या, अ‍ॅरे किंवा साधे ऑब्जेक्ट, ज्यांना हात लावला तर क्वेरी होणार नाही.

आणि हे सगळं कुठे करू नये तेही सांगतो. पाच पानांची साइट, एक संपर्क फॉर्म, तिथे सर्व्हिस, रिपॉझिटरी, प्रेझेंटर असे कोडचे थर लावले तर एक टेक्स्टबॉक्स वाढवायला सात फाइली उघडाव्या लागतात, तसलं काम मी स्वतः निस्तरलंय आणि ते सगळं एकत्र असलेल्या फाइलीपेक्षा जास्त दमवणारं होतं. जिथे नियम नाहीत तिथे नियमांसाठी वेगळं घर बांधायचं कारण नाही.

तुमच्या हातातल्या कामाचं मात्र असं करा. सगळं नव्याने लिहायला घेऊ नका, मालक दोन महिने थांबणार नाही आणि जुन्या फाइलीत असे नियम असतात की जे आता कुणालाच आठवत नाहीत, ते हरवतील. एक पान घ्या, शक्यतो पैशाचं, बिलाच्या प्रिंटचं घ्या. आधी शे-दोनशे जुन्या बिलांचं निघणारं एचटीएमएल फाइलींमध्ये साठवून ठेवा. मग त्याच फाइलीत, दुसरी फाइल न करता, सगळ्या क्वेरी आणि सगळे हिशोब उचलून पहिल्या एचटीएमएल टॅगच्या वर न्या, उत्तरं साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, खाली फक्त छापणं राहू द्या. फाइलीचे दोन अर्धे झाले. साठवलेल्या एचटीएमएलशी डिफ घ्या, म्हणजे ओळीओळीने फरक बघा, एका स्पेसचाही फरक नको. कुठे फरक आला तर तो विसरलेला नियम आहे असं समजा आणि अकाउंटंटला जाऊन विचारा, तुमच्या अंदाजाने दुरुस्त करू नका. डिफ स्वच्छ झाला की वरचा अर्धा उचलून फंक्शनमध्ये टाका, आणि त्या फंक्शनला टेस्ट लिहा, पहिली टेस्ट महाराष्ट्रातल्या बिलाची, दुसरी राज्याबाहेरच्या, तिसरी दर बदलला त्या दिवसाच्या आदल्या रात्रीच्या बिलाची. मग पीडीएफचं पान घ्या, तिथला हिशोब काढून टाकून हेच फंक्शन लावा आणि परत डिफ. दुसऱ्या पानाला पहिल्याच्या निम्मा वेळ लागेल, आणि तिसऱ्या-चौथ्या पानाशी तुम्हाला या सॉफ्टवेअरमध्ये एकच हिशोब किती वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलाय त्याची यादी मिळालेली असेल, ती यादी सिनियरना दाखवा.